पेशन्सचं कौतुक पुरे

पांढऱ्या कागदातून कापलेलं एखादं पक्ष्याचं पीस किंवा झाडाचं पान कुणाच्या हातात द्या, पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "बापरे, केवढा पेशन्स लागत असेल ना!" पाठोपाठ, "किती वेळ लागला?" आणि मग, "आपल्याला नाही बुवा जमायचं." तिन्ही वाक्यं मनापासून आलेली असतात, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरं कौतुक असतं. तरी कागदकाम करणाऱ्याला ती जरा खुपतात. मैफल संपल्यावर कुणी गवयाला भेटावं आणि 'तीन तास मांडी मोडली नाहीत, कमाल आहे' एवढंच म्हणून निघून जावं, तसं काहीसं.

पेशन्स लागतो, नाही कोण म्हणतंय? पण तो कुठल्याही चिवट कामाला लागतो. हिशेबाच्या वह्या जुळवणाऱ्यालाही लागतो आणि त्याच्याकडे कुणी डोळे विस्फारून पाहत नाही. कागदाच्या शिल्पात मला थक्क करतं ते वेगळं आहे. करणाऱ्यानं काय पाहिलं आणि पाहिलेल्यातलं काय सोडून दिलं, ते. एकदा हे दिसायला लागलं की तासांचा हिशेब आपोआप मागे पडतो.

मेरी डिलेनी या इंग्रज बाईंची गोष्ट मी या संदर्भात नेहमी सांगते. जन्म १७०० सालचा. दोनदा लग्न झालं, दोन्ही नवरे गेले, आणि १७७२च्या सुमाराला, म्हणजे वयाच्या ७२व्या वर्षी, त्यांनी कागदाची फुलं करायला घेतली. कागद आधी काळा रंगवून घ्यायचा आणि त्यावर रंगीत कागदाचे बारीक तुकडे एकावर एक चिकटवत फूल उभं करायचं. एकेका फुलात असे शेकडो तुकडे. पाकळीवरची गडद रेघ म्हणजे गडद कागदाची केसाएवढी पट्टी, पानाच्या उजेडाकडच्या कडेला आणखी एक फिकट हिरवा थर. काही ठिकाणी तर त्यांनी कागदाऐवजी खरं वाळवलेलं पानच बसवून दिलंय, आणि ते कुठलं हे शोधताना बघणाऱ्याची भंबेरी उडते. ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांची अशी ९८५ फुलं आहेत.

९८५ हा आकडा ऐकला की लोक पुन्हा पेशन्सवर येतात. पण डिलेनीबाईंची फुलं शोभेची नव्हती. समोर खरं फूल ठेवून, त्याचे पुंकेसर मोजून, देठावरची लव कुठून सुरू होते ते बघून त्या कात्री चालवत. त्या काळचे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स म्हणत असत, असं सांगतात, की या फुलांवरून एखाद्या झाडाचं शास्त्रीय वर्णन बिनधास्त करावं. आणि सुमारे दहा वर्षांनी हे काम थांबलं, ते पेशन्स संपला म्हणून नाही. नजर अधू झाली म्हणून. त्यानंतरही बाई काही वर्षं जगल्या. हातात कात्री धरायचं बळ नव्हतं असंही नाही. पण दिसत नाही म्हटल्यावर कापायचं काय?

कागदाकडे 'बघणं' शिकवता येतं का, याचा एक किस्सा जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेतला आहे. १९२०च्या दशकात जोसेफ आल्बर्स तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचे. एकदा ते वर्गात वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले, प्रत्येकाला कागद वाटले आणि म्हणाले, यातून काहीतरी करा, पण कागदाचा मान राखून करा, त्याच्या अंगात जे आहे त्याचा उपयोग करा. एवढं सांगून निघून गेले. परत आले तेव्हा टेबलांवर मुखवटे होते, होड्या होत्या, किल्ले होते, विमानं होती. आल्बर्सनी ते सगळं बाजूला सारलं. हे दुसऱ्या कशातही करता आलं असतं, किंबहुना जास्त चांगलं झालं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना आवडलं ते एका विद्यार्थ्याचं काम. त्यानं कागदाला फक्त लांबीत घडी घातली होती आणि तो उभा करून ठेवला होता. बस्स. आडवा पडलेला कागद आपली एकच बाजू दाखवतो. घडी पडली की तोच लेचापेचा कागद स्वतःच्या कडेवर उभा राहतो, दोन्ही बाजू दाखवतो.

त्या विद्यार्थ्याला किती वेळ लागला असेल? दोन मिनिटं?

आता जरा हातातल्या कामाकडे येते. कागद सपाट, गुळगुळीत, सगळीकडून सारखा दिसतो आणि तिथेच नवशिक्याची फसगत होते. मशीनवर तयार झालेल्या कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेनं लोळलेले असतात, कारण लगदा पळत्या जाळीवर पडताना त्या ओढीत ते सरळ होतात. याला आम्ही कागदाचा ग्रेन म्हणतो. वर्तमानपत्राचं पान फाडून बघा. एका दिशेनं ते फुटपट्टी लावल्यासारखं सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेनं वेडंवाकडं. जाड कागदाला तंतूंच्या दिशेनं घडी घातली तर ती स्वच्छ पडते. आडवी घातली तर घडीच्या पाठीवर तडा जातो, आतलं पिंजलेपण वर येतं. ओल लागली की कागद वाढतो तोही मुख्यतः तंतूंच्या आडव्या दिशेनं, म्हणून ओला गोंद लावलेलं पान हटकून एका ठरावीक बाजूलाच वळतं. हातकागदात हे कमी जाणवतं. तिथे माणूस साचा दोन्ही दिशांनी हलवतो, तंतू एकमेकांत चांगले गुंततात.

हे कळलं की काम सुरू करण्याआधी पहिला निर्णय येतो : कागद टेबलावर कसा ठेवायचा. पीस करायचं असेल तर दांडा तंतूंच्या दिशेला. साधारण दोनशे जीएसएमची आयव्हरी शीट घ्यावी (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). फार पातळ घेतली तर ती मरगळते, फार जाड घेतली तर कापलेल्या कडा ठोकळ्यासारख्या दिसतात. आधी दांड्याची रेघ बोथट टोकानं दाबून घ्यायची. शाई संपलेला बॉलपेन यासाठी झकास चालतो. ही रेघ सरळ ओढली तर पीस मेलेलं दिसतं. ती किंचित वक्र ओढायची आणि मग त्या रेघेवर दोन्ही बाजू हळूहळू मागे वळवायच्या. इथे कागद एक मजा करतो. घडीची रेघ वाकडी असल्यामुळे त्याला सपाट राहणं अशक्य होतं. दोन्ही बाजूंना आपोआप बाक येतो आणि सगळं पीस हवेत उचललं जातं. तुम्ही फक्त रेघ दिलीत. आकार त्यानं स्वतः घेतला.

मग तिरक्या चिरा. ब्लेड नवं हवं, आणि वळताना हात न वळवता कागद वळवायचा, हे सगळे सांगतात. कुणी सांगत नाही ते असं की चिरा एकसारख्या अंतरावर पडल्या तर पिसाचा कंगवा होतो. नेटकेपणाच्या नादात पुष्कळ सुंदर पिसं अशी कंगवा होऊन बसतात. खरं पीस जवळून पाहिलं तर त्याचे तंतू एकमेकांना धरून असतात, आणि मध्येच एखाद्या ठिकाणी ती पकड सुटून फट पडलेली असते. ती फट कुठे द्यायची हा या कामातला खरा प्रश्न. दोन फटी ठीक, तिसरी दिली की पीस झडलेलं वाटायला लागतं. बुंध्यापाशी चिरा लांब आणि बारीक, तिथली लव ब्लेडच्या पाठीवरून ओढून कुरळी केलेली. टोकाशी मात्र काहीच कापायचं नाही. टोकाचा तो कोरा तुकडा सोडणं मला सगळ्यात अवघड जातं, कारण हाताला एव्हाना कापायची चटक लागलेली असते.

वक्र घडीवरून डेव्हिड हफमन आठवतात. संगणकाच्या दुनियेत हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. १९५२ साली त्यांनी माहिती कमी जागेत बसवायची एक पद्धत मांडली, ती हफमन कोडिंग म्हणून ओळखली जाते. याच गृहस्थांनी पुढे वर्षानुवर्षं कागदाला वक्र घड्या घातल्या. रेघ कशी असली तर कागद न ताणता, न फाडता कसा बाक घेईल, याचं गणित ते करत आणि मग पांढऱ्या कागदावर किंवा पातळ प्लॅस्टिकवर ते करून बघत. १९७६ साली या विषयावर त्यांनी एक शोधनिबंधही लिहिला. घुमट, शंख, लाटा, असे त्यांचे आकार बघताना हे एका सलग पानाचं आहे, कुठे कात्री लागलेली नाही, यावर विश्वास बसत नाही. गंमत अशी, की आज कागदी शिल्पांचे जे फोटो आपण स्क्रीनवर बघतो, ते बहुतेक जेपेग या प्रकारच्या फाइल असतात, आणि जेपेगमध्ये सर्रास हफमन कोडिंगच वापरलेलं असतं. कागद दुमडणारा आणि त्याचा फोटो घडी करून पाठवणारा, माणूस एकच.

फोटोचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. पांढऱ्या कागदावरचं पांढरं काम समोरून लख्ख उजेडात पाहण्यात काही अर्थ नाही. उजेड बाजूनं हवा, शक्यतो एकाच बाजूनं. रंग नाही, रेघ नाही, म्हणजे डोळ्याला आकार सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे सावली. चांगला कारागीर कागद कापत असतो तेव्हा तो खरं तर सावल्या मांडत असतो. एक मिलिमीटर उचललेली कड आणि पाच मिलिमीटर उचललेली कड यांत कागदाचा काहीच फरक नसतो, सावलीचा असतो. डेन्मार्कचे पीटर कॅलेसन एक ए-फोर कागद घेतात. ऐंशी जीएसएमचा नेहमीचा ए-फोर असेल तर त्याचं वजन भरतं जेमतेम पाच ग्रॅम. त्यातून ते एक आकृती कापतात, पण पूर्ण सुटी करत नाहीत. तीच उचलून, दुमडून त्याच पानावर उभी करतात. कापलेल्या जागेचं भोक तसंच राहतं. उभ्या आकृतीइतकंच ते भोकही बोलतं, कधी सांगाड्याची जागा होऊन, कधी पडलेली सावली होऊन. काहीच बाहेरून आणायचं नाही आणि काहीच फेकायचं नाही, ही अट त्यांनी स्वतःवर घालून घेतलेली. अशी अट पाळताना आकृतीचा प्रत्येक अवयव सपाट पानावर कुठे मावेल हे आधी डोक्यात जुळवावं लागतं. मला विचाराल तर कापणं हा त्यातला सोपा भाग.

चीनचे ली होंगबो याच्या बरोबर उलट टोकाला आहेत. हजारो कागद घ्यायचे, ठरावीक रेघांवर गोंदाच्या पट्ट्या देऊन ते एकमेकांवर चिकटवायचे, आणि तयार झालेला ठोकळा करवतीनं, पॉलिशपेपरनं घासून त्यातून माणसाचं डोकं कोरून काढायचं. समोर ठेवलेला पुतळा प्लॅस्टरचा वाटतो. मग कुणीतरी त्याचं डोकं धरून ओढतं आणि मान लांबच लांब होत जाते, सोडली की पुन्हा जागेवर. याचे व्हिडिओ खूप फिरतात आणि लोक हसून पुढे सरकवतात. मला स्वतःला ओढण्याच्या करामतीपेक्षा तो पुतळा स्थिर असतानाच जास्त आवडतो. हा कागद आहे हे कळल्यावर त्याच्याकडे बघताना मनात जी अस्वस्थता येते, तिला ओढून दाखवायची गरज नाही.

आता सजावटीबद्दल. कलावंत मंडळींत 'डेकोरेटिव्ह' हा शब्द जरा नाक मुरडूनच उच्चारतात. शिल्प म्हणजे वरच्या पंक्तीचं, नक्षी म्हणजे खालची. मला हे कधी पटलं नाही. पोलंडमध्ये खेड्यातल्या बायका घड्या घालून कागदाची नक्षी कापत आल्या आहेत, विचिनांकी म्हणतात तिला. पूर्वी ती मेंढ्यांची लोकर कातरायच्या मोठ्या कात्रीनं कापत. त्या अवजड कात्रीनं मोराच्या शेपटीतलं एकेक पीस सुटं करायचं म्हणजे हातात काय कसब हवं! चीनची कातरकला तर इतकी मुरलेली की २००९ साली युनेस्कोनं ती मानवजातीच्या वारशात नोंदवली. या दोन्हीकडे एकच कूटप्रश्न सोडवायचा असतो : नक्षी कितीही नाजूक असो, कागद एकसंध राहिला पाहिजे. पक्षी फांदीला कुठेतरी टेकलाच पाहिजे, नाहीतर तो गळून पडेल. मग तो कुठे टेकतो? चोचीत धरलेल्या फळातून, पंखाच्या टोकातून, की उगाच काढलेल्या एका दांडीतून? नक्षीकाराची पत मी या टेकूंवरून ठरवते. टेकू दिसला आणि तरी टेकू वाटला नाही, तर समोरचा माणूस उस्ताद.

शिवाय, नक्षीतली पुनरावृत्ती ही निव्वळ शोभा नसते. जपानचे कोर्यो मिउरा यांनी शोधलेली घडी घ्या. सगळा कागद तिरक्या चौकोनांनी भरलेला, नागमोडी घड्यांच्या ओळीच ओळी. भिंतीवर लावली तर सुरेख शोभेची वस्तू. पण दोन समोरासमोरचे कोपरे धरून ओढले की अख्खं पान एका दमात उघडतं, ढकललं की एका दमात मिटतं. १९९५ साली अंतराळात गेलेल्या एका जपानी यानाचं सौर पॅनेल याच घडीत बंद होऊन गेलं. घड्यांची ती नक्षी आधी कागदावर समजली, मग आकाशात गेली.

क्विलिंगबद्दल मात्र माझं मत फारसं चांगलं नाही, आणि ते वाचून काहीजण रागावतील. कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या त्या चकल्यांनी सगळी चौकट ठासून भरलेली असते. मोकळी जागा म्हणून नाही. मोठं काम, प्रचंड काम, आणि बघणारा म्हणतो, पेशन्स! इथे तो बरोबरच म्हणतो. कारण म्हणण्यासारखं दुसरं काही कामात उरलेलं नसतं. अपवाद आहेत. जिथे पट्टी न गुंडाळता कडेवर उभी ठेवून तिनंच रेषा काढलेली असते, तिथे मी बराच वेळ उभी राहते.

पेशन्सला कमी लेखल्यावर पुढचा प्रश्न टळत नाही. वेळ आणि चिकाटी हे मोल नसेल, तर मग हातानंच कशाला करायचं? लेसर कटर तीच नक्षी काही मिनिटांत कापून देतो, कडा जरा करपट होतात इतकंच. 'हॅंडमेड' म्हणून त्यातलं बरंच विकलंही जातं, ते सोडून देऊ.

याचं उत्तर मला फ्रेंच चित्रकार मातिसच्या कामात सापडतं. १९४१ साली मोठी शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर हा चित्रकार बराच काळ खाटेवर आणि चाकाच्या खुर्चीत होता. ब्रश आणि ईझलपुढे उभं राहणं अवघड झालं, तेव्हा त्यानं कात्री धरली. मदतनीस कागद रंगवून देत, मातिस त्यांतून सरळ आकार कापी आणि मदतनिसांकरवी ते भिंतीवर टाचण्यांनी लावून घेई. मग बघत बसे. हे पान थोडं वर. तो निळा तुकडा उलटा. नाही, पुन्हा होता तिथेच. १९५३ची त्याची 'गोगलगाय' जवळजवळ तीन मीटर लांबरुंद आहे, आणि आहेत काय त्यात, तर हातानं कापलेले आणि फाडलेले रंगीत कागदांचे काही ओबडधोबड तुकडे. कापण्याचं कसब म्हणाल तर शाळकरी पोरालाही जमेल. त्याच्या अशा कामांतल्या कागदांवर टाचण्यांची भोकं आजही दिसतात, एकाच तुकड्यावर अनेक. त्यानं किती वेळा मन बदललं, त्याची ती नोंद.

हाताचं काम मला हवं असतं ते एवढ्यासाठी. लेसरला द्यायची आकृती आधी पूर्ण व्हावी लागते, यंत्र तिच्याशी वाद घालत नाही. हाताशी कागद वाद घालतो. ग्रेन आडवा येतो, ब्लेड अडतं, सावली ठरवली होती तिथे पडत नाही, आणि माणूस अर्ध्यात बेत बदलतो. अर्थात, एखादा डिझायनर लेसरवर पंचवीस नमुने कापून, लटकवून, सावल्या बघून सव्विसावा ठरवत असेल, तर त्याच्यात आणि मातिसच्या टाचण्यांत मी फरक करणार नाही. त्याला हस्तकला म्हणायचं की नाही यावर भांडायची माझी तयारी नाही.

एक तक्रार मात्र आहे, प्रदर्शनं भरवणाऱ्यांकडे. कागदाचं काम कायम फ्रेममध्ये, काचेआड, तोंड पुढे करून लावतात. काच हवी, धूळ आणि उजेड दोन्ही कागदाचे वैरी आहेत, मान्य. पण मागच्या बाजूला पेन्सिलीच्या खुणा असतात, खोडलेल्या रेघा असतात, कड उचलून धरायला लावलेले पुठ्ठ्याचे इवलेसे ठोकळे असतात, कुठे चीर लांब गेली म्हणून चिकटवलेली पट्टी असते. पंचवीस कामं मांडता ना, त्यातलं एक उलटं लावा. दोन्हीकडून काच, आणि पाठ प्रेक्षकांकडे.